दबकत येणारी माणसे

गेल्या जुलैत बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात एक बगळा मला पाहून उडाला, आणि एवढ्याशा गोष्टीने मी इतकी का दुखावले, हे मला अजून नीट सांगता येत नाही. रोप लावणीचे दिवस होते. धाकट्या काकांच्या शेतात टिलरने चिखल करणे चालू होते. साचलेल्या पाण्यात लोखंडी चाके फिरत होती, डिझेलचा काळा धूर पावसामुळे वर न जाता पाण्यालगतच रेंगाळत होता, आणि काका डोक्यावर प्लॅस्टिकची खोळ घेऊन, टिलरच्या मुठी धरून मागून चालले होते. त्यांच्या मागे सात-आठ गायबगळे होते. त्यांतला एक, डोक्यावर आणि पाठीवर विणीच्या दिवसांतला केशरी रंग चढलेला, काकांच्या पोटरीपासून फार तर दोन हातांवर होता. चिखल उलटला की त्यातून बाहेर पडणारे बेडूक आणि किडे टिपण्यापूर्वी तो मान पुढे काढून क्षणभर डावी-उजवीकडे झुलवायचा. मान झुलत असताना त्याचे अंग आणि पाय मात्र जराही हलत नसत, आणि मग एकदम चोच चिखलात जायची. ते झुलणे मला मोबाइलमध्ये टिपायचे होते. मी चपला बांधावर काढल्या, छत्री मिटली आणि श्वास आवरून, एकेक पाऊल चाचपत, पाणी वाजू न देता पुढे सरकले. बगळ्याने मान उभी केली. मी थांबले. त्याने सगळी पिसे अंगाशी ओढून घेतली आणि बघता बघता तो निम्म्याने बारीक दिसू लागला. मी आणखी एक पाऊल टाकले, तशी त्याने शेपटीखालून पांढरी पिचकारी सोडली आणि तो उडाला. त्याच्यामागोमाग बाकीचेही उठले. आमच्यात अकरा पावलांचे अंतर होते. ते मी नंतर मोजले.

काकांनी टिलर बंद न करताच मान वळवून, इंजिनाच्या आवाजावरून ओरडून सांगितले, "दबकत आलीस न्हवं? मांजरबी तसंच येतंय की गं."

टिळकवाडीला घरी परत येताना बसमध्ये आणि त्यानंतरचे कितीतरी दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. मी ज्याला सौजन्य समजत होते, म्हणजे आवाज न करणे, हळू चालणे, नजर न हलवता पाहणे, ते सगळे पाखराच्या हिशेबात शिकाऱ्याचे वर्तन होते. इंजिनाचा धडधडाट, धूर, चाकांनी उडणारा चिखल आणि मधूनच खोकणारा एक म्हातारा माणूस, यांतले काहीही त्याला भीतिदायक वाटले नव्हते, कारण त्यांपैकी कोणालाही बगळ्याशी कर्तव्य नव्हते. त्याच्याकडे लक्ष असलेली अशी त्या सबंध शिवारात मी एकटीच होते. पस्तीस वर्षे शाळेत मुलांना शिकवल्यामुळे असेल, पण आपल्या चांगल्या हेतूची समोरच्याला कल्पना असणारच, असे मी नकळत धरून चालते. बगळ्याला माझ्या हेतूशी काहीच देणेघेणे नव्हते. तो माझी चाल पाहत होता.

पाखरू माणसाला किती जवळ येऊ देते, हे मोजण्याची अभ्यासकांची एक जुनी रीत आहे, आणि ती इतकी साधी आहे की ऐकणाऱ्याला हसू यावे. एका चालीने सरळ पाखराकडे चालत जायचे, ते उडाले की थांबायचे, आणि आपण उभे आहोत तिथपासून ते बसले होते तिथपर्यंतचे अंतर मोजायचे. या अंतराची कल्पना स्वित्झर्लंडमधील प्राणीसंग्रहालयांचे संचालक राहिलेले हायनी हेडिगर यांनी गेल्या शतकात ठळकपणे मांडली. प्रत्येक प्राण्याभोवती एक अदृश्य रिंगण असते आणि ते ओलांडले की तो पळतो, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे १९८६ साली यडेनबर्ग आणि डिल या दोन अभ्यासकांनी त्या रिंगणामागचे व्यवहारज्ञान उलगडून दाखवले. पाखरू आपल्याला पाहताक्षणी उडत नाही. पाहिलेले त्याने आधीच असते. मग ते थांबते आणि तोलत बसते. उडण्याला किंमत पडते, कारण तोंडचा घास जातो, अंगातली ताकद जाते, बसायला मिळालेली मोक्याची जागा दुसरा पटकावतो. थांबण्यालाही किंमत आहे, आणि माणूस जसजसा जवळ येतो तसतशी ती वाढत जाते. ज्या पावलाला दुसरी किंमत पहिलीपेक्षा जास्त होते, त्या पावलाला पाखरू उडते. चिखलातून बेडूक निघत असताना पोट भरायचे सोडून उडणे बगळ्याला परवडणारे नव्हते, आणि तरीही तो उडाला, म्हणजे त्याने मला बरीच महाग धरली असली पाहिजे. हे वाचल्यावर माझा राग थोडा ओसरला. भित्र्या जीवाने झिडकारणे आणि हिशेबी जीवाने झिडकारणे यांत दुसरे मला अधिक सन्मानाचे वाटते.

खरे तर हा हिशेब मी लहानपणी फार जवळून पाहिला होता, फक्त तेव्हा मी दुसऱ्या बाजूला होते. माझे आजोळ निपाणीकडचे. तंबाखूच्या पट्ट्यातले गाव असले तरी आजोबांचा दोन एकर शाळू असायचा, आणि कणसात दाणा भरू लागला की आम्हा नातवंडांची रवानगी राखणीसाठी शेतातल्या माळ्यावर व्हायची. पहाटे धुके असायचे, माळ्याच्या काठ्या दवाने निसरड्या झालेल्या असायच्या, आणि ऊन पडायच्या सुमारास भोरड्यांचा पहिला थवा यायचा. भोरड्या एक-दोन येत नाहीत. आकाशात धूर वळावा तसा तो शेकड्यांचा गोळा वळतो, लांबतो, आणि मग कोणीतरी चादर झटकावी तसा शेतावर पडतो. डब्यावर काठी वाजवणे माझ्याकडे होते, गोफणीचे खडे गोळा करून ओच्यात भरून आणणेही माझ्याकडेच होते. गोफण आजोबा मारायचे. त्यांच्या गोफणीचा बार निघायचा, म्हणजे दोरीचे सुटे टोक हवेत असे कडाडायचे की खडा पडण्याआधीच थवा उठायचा. पहिल्या आठवड्यात नुसत्या हाकाऱ्याला उठणारे पाखरू दुसऱ्या आठवड्यात डबा वाजला तरच उठायचे, आणि पुढे डब्यालाही न जुमानता फक्त आजोबांचा हात डोक्याच्या वर गेला की उठायचे. माझा हात वर गेला तर नाही. मी एकदा आजोबांचे मुंडासे डोक्याला गुंडाळून, त्यांच्यासारखी उभी राहून हात फिरवला होता. जवळच्या ताटांवरच्या चार-दोन भोरड्यांनी मान वर केली आणि पुन्हा कणसात घातली.

बुजगावण्याचीही तीच गत व्हायची. आजोबांचा फाटका सदरा, मडक्याचे डोके, त्यावर चुन्याने काढलेले डोळे, असे ते उभे केले की पहिले तीन-चार दिवस त्याच्या आसपासचा तुकडा सुरक्षित राहायचा. मग एखादी साळुंकी त्याच्या हातावर बसायची, आणि आठवड्याभरात मडक्यावर कावळा बसून शिटलेला असायचा. "पाखरास्नी कळालंय, ह्यो काय बी करत न्हाई," असे म्हणत आजोबा रागावण्याऐवजी हसायचे, आणि रात्री बुजगावणे उपटून दुसऱ्या बांधाला लावायचे, सदरा काढून आजीचे लुगडे नेसवायचे. त्यामुळे आणखी तीन-चार दिवस मिळायचे. भीतीला रोज काहीतरी खरे खायला लागते, नुसत्या देखाव्यावर ती जगत नाही, हे आजोबांना पक्के ठाऊक होते. म्हणूनच एके सकाळी त्यांनी नेम धरून खडा मारला. एरवी ते थव्याच्या अंगावर नव्हे तर कडेला मारत. ती भोरडी मीच उचलून आणली. गुलाबी छाती, काळे डोके, आणि हातात घेतल्यावर जाणवलेली ऊब, जी आपल्या तळहाताची की तिची हे कळेना. डोळ्यावर खालून एक पातळ पापणी सावकाश वर आली. आजोबांनी तिचे पाय सुतळीने बांधून ती एका काठीला उलटी टांगली. दोन दिवस त्या कोपऱ्याला थवा उतरला नाही. तिसऱ्या दिवशी उतरला.

ते खडे मी वेचलेले होते, ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही.

भोरडीच्याच कुळातल्या युरोपीय मैनेवर इंग्लंडमध्ये झालेला एक प्रयोग मी अलीकडे वाचला. खाद्याच्या थाळीजवळ माणूस तोच, अंतर तेच. फरक इतकाच की कधी त्याचे डोळे थाळीकडे, कधी दुसरीकडे. डोळे वळलेले असताना पाखरे लवकर आली, अधिक खाऊन गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचे मला नवल वाटले आणि नाहीही वाटले, कारण काकांनी तेच मांजराच्या उपमेने सांगितले होते. डोळे समोरून रोखलेले असणे ही शिकाऱ्याची खूण आहे. आपल्या मुलांना आपण 'असे टक लावून बघू नये' म्हणून दटावतो आणि मग दुर्बीण घेऊन पाखरांच्या मागे लागतो, यातली विसंगती माझ्या ध्यानात यायला साठी ओलांडावी लागली.

आजोबांचे मुंडासे बांधूनही भोरड्या मला का भ्याल्या नाहीत, याचे उत्तर मात्र मला कावळ्यांकडून मिळाले. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ साली एक मुखवटा घालून सात कावळे पकडले, त्यांच्या पायांत कडी घातली आणि सोडून दिले. मुखवटा गुहेत राहणाऱ्या आदिमानवाचा होता. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही आवारात फिरले, मग ते पुरुष असो की बाई, तरुण असो की वृद्ध, कावळे वरून ओरडत मागे लागायचे. दुसरा, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांचा मुखवटा घातला तर बहुतेक दुर्लक्ष करायचे. ओरडणाऱ्यांची संख्या वर्षागणिक वाढत गेली, आणि त्यांत पकडले गेलेच नव्हते असे कावळे होते, त्या वेळी जन्मलेलेही नव्हते असे कावळे होते. म्हणजे वैर आईबापांकडून शिकले जात होते. ज्या जातीला चेहरा वाचता येतो, तिच्यापुढे मुंडासे बदलून काय उपयोग? भोरड्यांना चेहरे ओळखता येतात असे मी म्हणत नाही, पण आजोबांची गोफण फिरवण्याची ती खांद्यातून येणारी लय माझ्या हातात नव्हती, आणि तेवढे त्यांना नक्कीच दिसत होते.

गाव सोडून बेळगावात आले की हे अंतर आपोआप आक्रसते. रविवार पेठेत धान्याच्या दुकानांपुढे पारवे हमालांच्या पायांमधून चालतात. चालतात असे मी मुद्दाम म्हणते, कारण ते उडण्याची तसदी घेत नाहीत. पाठीवर पोते घेतलेला माणूस आला की दोन पावले बाजूला होतात, तो गेला की सांडलेल्या दाण्यांवर परत येतात. एका सकाळी साखर घेण्यासाठी थांबले असताना मी अर्धा तास हेच पाहत राहिले. हातगाडी आली, पारवे सरकले. स्कूटर आली, सरकले. शाळेची पोरे आरडाओरडा करत गेली, पारव्यांनी मानही वर केली नाही. दुकानातला नोकर मात्र खराटा हातात घेऊन नुसता उंबऱ्यात आला, आणि सगळे पारवे एका झटक्यात समोरच्या पत्र्यावर. त्याने झाडायला सुरुवातही केली नव्हती. आमच्या पेठेतल्या दुकानदारांची मला त्या वेळी आठवण झाली, म्हणजे ते समोरच होते, पण आठवण झाली असेच म्हणावे लागेल. गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत त्याच्याशी मराठी बोलायचे, कन्नड की हिंदी, हे त्यांनी ठरवलेले असते, आणि ते चुकत नाहीत. कपाळ, पदर, चपला, पिशवी, काय पाहतात कोण जाणे. वर्षानुवर्षे एकाच जागी बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना जोखणाऱ्या कोणालाही हे साधत असावे, मग तो गल्ल्यावर बसलेला असो की पत्र्यावर.

दुसऱ्या रेल्वे गेटजवळ गेट पडले की मी रिक्षातून उतरून रुळांकडे पाहत उभी राहते. खडीत साळुंक्या असतात. गाडी येते तेव्हा त्या अगदी शेवटी, रूळ थरथरू लागल्यावर, दोन उड्या मारून बाजूला होतात. कारण गाडी रूळ सोडून त्यांच्यामागे येणार नाही याची त्यांना खात्री असते. पण गेटखालून वाकून कोणी सायकल घातली की त्या लांबूनच उठतात, कारण माणूस कुठेही वळू शकतो. महामार्गावरचे कावळे याहून हुशार. फ्रान्समधल्या रस्त्यांवर लगान्यू आणि द्युकातेझ या दोन अभ्यासकांनी गाडी चालवता चालवता पाखरे किती अंतरावरून उडतात याच्या नोंदी केल्या आणि २०१३ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. वेगमर्यादा जास्त असलेल्या रस्त्यावर पाखरे लांबूनच उडत होती आणि कमी असलेल्या रस्त्यावर जवळ येईपर्यंत थांबत होती. मात्र समोरून येणारी नेमकी गाडी हळू आहे की वेगात, याने त्यात फरक पडत नव्हता. पाखरांनी गाडीचा नाही, रस्त्याचा स्वभाव लक्षात ठेवला होता. हे वाचून मी पुतण्याच्या गाडीतून हत्तरगीकडे जाताना पुणे-बंगळूर महामार्गावर चिरडलेल्या कुत्र्यावरचे कावळे मुद्दाम पाहिले. ट्रक पुष्कळ लांब असतानाच ते उठून दुभाजकावर जाऊन बसले. आमच्या गल्लीतले कावळे तर स्कूटरला हाताने हाकलायची वेळ आणतात.

शहरातली पाखरे धीट असतात हे जगभर दिसून आलेले आहे, पण ती तशी कशी होतात, यावर मात्र सरळ उत्तर नाही. रोज माणसे पाहून भीती झिजते, हे एक; माझ्या आजोबांच्या बुजगावण्याचे तेच झाले. दुसरे म्हणजे भित्री पाखरे शहरात टिकतच नाहीत, जी मुळात धीट तीच येऊन राहतात. अर्जेंटिनात बिळात राहणाऱ्या घुबडांचा जो अभ्यास झाला त्यात एकेका घुबडाचे अंतर पुन्हा पुन्हा मोजले, तर ते जवळपास तेवढेच भरत राहिले. म्हणजे धीटपणा हा बराचसा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा भाग निघाला. आमच्या घरात आम्ही चार भावंडे एकाच चुलीवरचे खाऊन वाढलो आणि पाहुणे आले की एक बाहेर धावायचा, एक आईच्या पदराआड जायची, त्यामुळे मला हे पटायला वेळ लागला नाही. आणि तिसरी गोष्ट पिढ्यांची. १८३५ साली गालापागोस बेटांवर चार्ल्स डार्विनने झाडावर बसलेल्या एका शिकारी पक्ष्याला बंदुकीच्या नळीने ढकलून फांदीवरून खाली उतरवले होते. माणूस म्हणजे काय हे तिथल्या पाखरांना ठाऊकच नव्हते. माणसाचे भय पाखरांच्या अंगी लगोलग येत नाही, छळ सोसूनही ते एका पिढीत पुरते भिनत नाही, पण पिढ्यांमागून पिढ्या गेल्या की ते रक्तात उतरते, असा निष्कर्ष त्याने काढला. खानापूरच्या पुढे, जांबोटी-कणकुंबीच्या रानात, हे मला उलट बाजूने जाणवते. तिथे माणसे कमी, झाडे दाट, तरी पाखरे दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. धनेशाचा तो खिदळल्यासारखा आवाज डोक्यावरच्या पानांतून येतो, आपण मान वर करतो आणि तिथे हलणारी फांदी असते. शिकारीला बंदी घालणारा वन्यजीव कायदा १९७२ चा. त्याआधी या रानात बंदुका किती फिरल्या, याच्या फुशारक्या आमच्या घरच्या पाहुण्यांकडूनही मी ऐकल्या आहेत. हिडकलच्या जलाशयावर हिवाळ्यात येणाऱ्या बदकांचेही तसेच. गाडीत बसून काच खाली करून पाहा, ती तरंगत राहतात. दार उघडून एक पाय जमिनीवर ठेवा, अख्खे पाणी पांढऱ्या फेसासह उठते.

टिटवीचे गणित याहून गुंतागुंतीचे, कारण तिला एकट्याचा जीव सांभाळायचा नसतो. काकांच्या पडीक तुकड्यात चैत्रात तिची चार अंडी होती, ढेकळांसारखीच, टोके आत करून ठेवलेली. माणूस लांब बांधावर दिसला की ती गुपचूप उठून चालत दूर जायची आणि मग तिथून कांगावा करायची, जणू अंडी तिकडेच आहेत. म्हैस चरत आली की मात्र जागची हलायची नाही. पंख फाकून म्हशीच्या नाकासमोर उभी राहायची आणि म्हैस वळसा घालून जायची. म्हैस अंडी तुडवील पण शोधणार नाही, माणूस शोधील, हा भेद तिने केलेला होता. अंडी उबत आली तशी ती आमच्यावरही थेट झेप घेऊ लागली. एकदा तिचा पंख माझ्या केसांना चाटून गेला. काकांनी त्या तुकड्यात महिनाभर नांगर घातला नाही आणि का घातला नाही हे शेजाऱ्यांना विचारू दिले नाही.

बगळ्याच्या प्रसंगानंतर मी आमच्या गच्चीवर एक उद्योग केला. तो करायला नको होता, असे आता म्हणते. रोज सकाळी सातला कठड्यावर मूठभर तांदळाची कणी टाकायची, आणि कोपऱ्यात पाठ करून बसून वर्तमानपत्र वाचायचे. एक होला यायचा. पहिल्या दिवशी मी गच्चीवरून खाली गेल्यावर आला. महिन्याभरात मी पान उलटताना तो दचकेनासा झाला. गणपतीपर्यंत तो माझ्या पायांपासून हातभर अंतरावर कणी टिपू लागला होता. त्याच्या मानेवरचे बुद्धिबळाच्या पटासारखे ठिपके, पापणीची तांबूस कड, दाणा गिळताना होणारी गळ्याची हालचाल, सगळे चष्म्याशिवाय दिसायचे. मला त्याचा अभिमान वाटत होता. शेजारणीला बोलावून मी तो दाखवला. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी मी खाली दूध तापवत होते, आणि वर गेले तेव्हा कठड्याखाली पिसे होती. राखी, मऊ, ओंजळभर. खालच्या घरातले मांजर पाण्याच्या टाकीवर बसून पंजा चाटत होते. मांजराला मी काय बोलणार? त्याने कधीच कोणाला फसवले नव्हते. तो कोपरा भिण्यासारखा नाही, असे त्या होल्याला तीन महिने खपून मी शिकवले होते. कणी टाकणे मी त्या दिवसापासून बंद केले. पुढचे काही दिवस बाकीचे होले सातच्या सुमाराला येऊन कठड्यावर रांगेने बसत, मी दार उघडले तरी उठत नसत, आणि मी त्यांना हात हलवून हाकलत असे. त्या हात हलवण्यात मी कोणाची नक्कल करत होते हे मला ठाऊक होते.

सुगीला, नोव्हेंबरच्या अखेरीस, मी पुन्हा येळ्ळूरला गेले. बळ्ळारी नाल्याच्या पुराने खालचे दोन तुकडे जुलैतच कुजवले होते, पण वरचे भात चांगले आले होते, आणि बासमतीचा तो कापताना दरवळणारा वास बांधावर चढण्याआधीच लागत होता. कापणीला माणसे कमी पडली होती. मी पदर खोचला आणि काकूंच्या शेजारी विळा घेऊन वाकले. किती वर्षांनी वाकले असेन! पहिल्या पाच मिनिटांतच कंबर बोलू लागली. मुठीत धाटे धरायची, विळा ओढायचा, पेंढी मागे ठेवायची. धाटांतून नाकतोडे उडत होते आणि त्यांच्यासाठी बगळे आले होते. आता त्यांच्या अंगावर केशरी रंग नव्हता, सगळे पांढरेशुभ्र. मी वर पाहिले नाही, पाहण्याइतकी उसंतच नव्हती. डाव्या हाताला, मी नुकत्याच ठेवलेल्या पेंढीशेजारी, पिवळी चोच आणि काळे बारीक पाय एवढेच मला वाकल्या वाकल्या दिसत होते. मान झुलत होती. अंतर मोजायचे तर एक हात, कदाचित त्याहून थोडे कमी. जुलैत मला हवे होते ते चित्र आता माझ्या पोटरीशी होते आणि मोबाइल झोपडीत खुंटीला लावलेल्या पिशवीत होता.

एकदाच, कंबर सरळ करायला म्हणून मी उभी राहिले आणि त्याच्याकडे पाहिले. नुसते पाहिले. त्याने मान उभी केली आणि पिसे आवळली.

काकू पुढच्या ओळीवर होत्या. "वाक की गं, उभी का ऱ्हायलीस?" त्या म्हणाल्या. मी वाकले, पुढचे धाट मुठीत धरले आणि विळा ओढला. मागे चिखल वाळून झालेल्या ढेकळांवर पाय वाजला, मग थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मी वळून पाहिले नाही.